नाताळसाठी सरळ शिवण

आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. आमच्या वसईत त्या सुमारास पहाटे गारवा जाणवू लागतो, नाताळचा गोठा कुठे करायचा याची बोलणी सुरू होतात आणि माझ्या ओटीवर शिवण शिकायला मुली यायला लागतात. काही शाळकरी, काही विरार-चर्चगेट करणाऱ्या, अलीकडे मुलगेही. नाताळला घरच्यांना आपल्या हातची भेट द्यायची असते, पण मशीनवर कधी बसलेले नसतात.

कुणासाठी शिवायचं आहे, हे मी आधी विचारते. कापड, माप, टाका हे सगळं त्यावरून ठरतं. भेट आजीसाठी असली तर मी रोझरीची पिशवी शिवायला लावते. आमच्याकडच्या आज्यांची रोझरी कायम जवळ असते, उशीखाली, पर्समध्ये, कधी पदराच्या गाठीत. तिला स्वतःची पिशवी मिळाली की ती रोज हाताळली जाते. माझ्या मते भेट अशीच असावी.

ही पिशवी नवशिक्याला जमते, कारण तिच्यात सगळ्या शिवणी सरळ आहेत. सुती कापडाचे 5 इंच रुंद आणि 7 इंच उंच असे दोन तुकडे कापायचे. सुलट बाजू एकमेकींवर ठेवून, कडेपासून अर्धा इंच सोडून दोन्ही बाजू आणि तळ शिवायचा. एका बाजूला वरून दोन इंच उघडं ठेवायचं, नाडी तिथूनच बाहेर येणार असते. कोपऱ्याशी आलं की सुई कापडात रुतलेली असू द्यावी, फूट उचलून कापड वळवावं, फूट पुन्हा खाली घेऊन पुढे जावं. हे वळण पहिल्यांदा नीट जमतं तेव्हा पोरींच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो पाहायला मला फार आवडतं. सुरुवातीला आणि शेवटी दोन-चार टाके मागेपुढे घेऊन टीप पक्की करायची. उघड्या भागाच्या कडा आत दुमडून शिवायच्या, मग वरची कड आधी पाव इंच आणि नंतर पाऊण इंच दुमडून टीप मारायची. 14 इंच सॅटिनची रिबीन सेफ्टीपिनला अडकवून त्या नेफ्यातून सरकवली की काम झालं. माप वाढवलं की हीच पिशवी भाचीचे क्लिप ठेवायला चालते, आणखी वाढवली तर डब्याची पिशवी होते.

मशीन साधंच बरं. हाताने फिरवायचं काळं मशीन घरात पडून असेल तर नवशिक्याने आधी तेच घ्यावं. ते आपण फिरवू तेवढंच चालतं, त्यामुळे शिवण हातातून निसटत नाही. मध्यम जाडीच्या सुती कापडाला 14 नंबरची सुई लागते, जीन्सच्या कापडाला 16 नंबरची.

कापडाची तयारी मात्र टाळू नये. नवं सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापावं, नाहीतर भेट पहिल्या धुण्यात आटते. नाताळ म्हटलं की सगळ्यांना लाल-पांढरं हवं असतं. ते जोडण्याआधी लाल कापडावर ओला पांढरा रुमाल घासून बघावा. रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी वापरू नये. आणि प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरवावी. शिवण थोडी वाकडी असली तरी खपते, पण इस्त्री न केलेली वस्तू अर्धवट दिसते.

मुलांना तारा करायचा असतो. शिवून उलटायचा पाच टोकांचा तारा मी त्यांना देत नाही. त्याला आत वळलेले पाच कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यात टाक्यापर्यंत कात्रीने चीर द्यावी लागते. ती कमी पडली तर तारा चुरगळतो, जास्त झाली तर शिवण उसवते. त्यांना मी फेल्ट देते. फेल्ट विणलेलं नसल्यामुळे त्याचे धागे सुटत नाहीत आणि कडा दुमडाव्या लागत नाहीत. दोन तारे एकावर एक ठेवून कडेने हाताने काजटाका घालायचा, शेवटची फट बंद करण्याआधी कापूस आणि चार लवंगा भरायच्या. झाडावर टांगला की जवळून जाताना वास येतो.

नेवऱ्या तळणाऱ्या आणि केक भाजणाऱ्या मावशी-काकूंना गरम भांडी धरायचे चौकोन द्यावेत. जुन्या जीन्सचे 8 इंचाचे दोन चौकोन आणि मध्ये जुन्या सुती टॉवेलच्या दोन घड्या. आत पॉलिस्टरचं भरण घालू नये, ते तापून वितळू शकतं.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या कापडाविषयी. आमच्या कुपारी समाजातल्या बायका लाल लुगडं नेसायच्या. आता ते रोज नेसणाऱ्या थोड्याच उरल्या आहेत, आणि घरोघर पेटीत एखादं तरी जपून ठेवलेलं असतं. माझी आत्या गेल्यावर तिचं लुगडं माझ्याकडे आलं. बसण्या-उठण्याने मधला भाग विरला होता, पदराकडचं कापड मात्र चांगलं होतं. त्याला आतून मांजरपाटाचं अस्तर लावून मी रोझरीच्या पिशव्या शिवल्या आणि परदेशी असलेल्या तिच्या नातवंडांना नाताळला पाठवल्या. लुगड्याला कात्री लावली म्हणून घरात कुणी कुणी नाराज झालं. मला ते पटलं नाही. ज्या नातीने आजीला लुगड्यातच पाहिलं, तिच्या हाती त्यातला एक तुकडा असणं हे पेटीत घडी पडून राहण्यापेक्षा केव्हाही चांगलं. फक्त कापण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारावं, आणि धड असलेलं लुगडं कापू नये.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात नवीन काही शिवायला घेऊ नका. तेव्हा घरात फराळ असतो, पाहुणे असतात, चर्चमध्ये कॉयरची तालीम असते. घाईत कापलेलं कापड परत जोडता येत नाही. म्हणून आधीच कपाट उघडा, घरातलं एखादं स्वच्छ, टिकाऊ सुती कापड शोधा आणि पिशवीचे पहिले दोन तुकडे या आठवड्यातच कापा.