चोविसावा कोठा

रायपूरला बदली झाली तेव्हा नागपूरचे एक स्नेही म्हणाले, "तुम्ही तर विजेच्या माहेरी चाललात." त्यात अतिशयोक्ती नव्हती. एकट्या कोरब्यातील एनटीपीसीच्या केंद्राची क्षमता २,६०० मेगावॉट आहे. तरीही मे महिन्याच्या दुपारी, पारा ४४ अंशांवर असताना, एखादे रोहित्र जळते आणि कार्यालय अंधारात जाते. त्या वेळी सारी भिस्त इन्व्हर्टरवर असते. त्या दुपारी आमच्या इन्व्हर्टरने पाच मिनिटांत मान टाकली. देयके अर्धवट राहिली आणि चौकशी सुरू झाली.

चौकशी कशी होते, हे प्रशासनात असलेल्यांना सांगायला नको. जिन्याखालच्या बॅटऱ्या उघडल्या, त्यांतले पाणी खाली गेलेले दिसले. पाणी घालण्याचे काम एका शिपायाकडे होते. टिपणी तयार झाली: "संबंधित कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे बॅटऱ्या निकामी झाल्या, ज्ञापन द्यावे व चारही बॅटऱ्या नव्याने खरेदी कराव्यात." नस्ती माझ्याकडे आली. मी सही केली. शिपायाने एवढेच सांगितले की, पाणी आपण दर आठवड्याला घालत होतो. त्याच्या आश्वासित प्रगतीचे प्रकरण त्याच महिन्यात समितीपुढे जायचे होते, हे मला नंतर कळले. खरे तर सही करण्यापूर्वी ते मी विचारायला हवे होते.

खरेदीपूर्वी तांत्रिक अहवाल लागतो, म्हणून एका वयस्क कारागिराला बोलावले. इन्व्हर्टरच्या दर्शनी पट्टीवर ५४ व्होल्ट दिसत होते. मी म्हटले, "चार्जिंग तर व्यवस्थित दिसते आहे." तो हसून म्हणाला, "साहब, टोटल मत देखिए, एक-एक को देखिए."

त्याने चार्जर चालू ठेवून मल्टिमीटरने एकेक बॅटरी मोजली. तिघींवर १४.१ व्होल्ट, चौथीवर ११.७. बेरीज ५४. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्या आकड्यांनी मला चपराक बसली.

हिशेब असा. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कोठे असतात. चार बॅटऱ्या एकामागोमाग जोडल्या की चोवीस होतात. आमचा चार्जर एकूण ५४ व्होल्ट राखतो, म्हणजे प्रत्येक कोठ्याच्या वाट्याला २.२५ व्होल्ट येतात आणि ते योग्य आहे. परंतु एका कोठ्यात आतल्या आत प्लेटा एकमेकींना चिकटल्या की तो कोठा काहीच दाब घेत नाही. त्याचा वाटा उरलेल्या तेवीस कोठ्यांवर पडतो आणि प्रत्येकी सुमारे २.३५ व्होल्ट होतात. चार्जरला यातले काही कळत नाही. त्याला फक्त बेरीज दिसते आणि बेरीज बरोबर असते. रात्रंदिवस असा जादा दाब सोसणाऱ्या कोठ्यांत पाण्याचे विघटन होऊन वायू निघत राहतो, पाणी उतरते, प्लेटा झिजतात. त्यात जिन्याखालच्या बंद जागेतली उष्णता; दर दहा अंश वाढीमागे अशा बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

मग त्याने झाकणे उघडली. तेवीस कोठ्यांत पाणी उतरले होते. चौथ्या बॅटरीतील एकाच कोठ्यात ते काठोकाठ होते. हायड्रोमीटर लावला तेव्हा इतरत्र १.२५० च्या आसपास असणारी विशिष्ट घनता तिथे १.१०० च्याही खाली गेलेली. जो कोठा सर्वांत भरलेला दिसत होता, तोच मेलेला होता. काम करणाऱ्यांचे पाणी आटले होते. काम न करणाऱ्याचे तसेच राहिले होते.

हलगर्जीपणा असता तर सगळे कोठे सारखे कोरडे पडले असते. मी भांडार नोंदवही मागवली. गेल्या चार महिन्यांत डिस्टिल्ड वॉटरचे कॅन पूर्वीपेक्षा दुपटीहून अधिक गेले होते आणि "अवाजवी वापर" असा लाल शाईतला शेरा त्याच शिपायाच्या नावापुढे होता. एकाच माणसावर एका नस्तीत पाणी न घातल्याचा आणि दुसऱ्या नस्तीत पाणी फार वापरल्याचा ठपका! दोन्ही नस्त्या एकाच मजल्यावर होत्या. कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मीही नाही.

ज्ञापन मागे घेतले. मागे घेण्याचे कारण नस्तीत लिहिले, कारण मूक माघारीने डाग पुसला जात नाही. त्या शिपायाला बोलावून चूक माझी झाली असे सांगितले. तो संकोचला. "होतं साहेब" अशा अर्थाचे काही पुटपुटून पाणी घालायला निघून गेला. एका बंद संचातली, त्याच क्षमतेची आणि वयाची बॅटरी चौथीच्या जागी बसवली. जुन्यांत कोरी मिसळू नये, हेही त्या कारागिरानेच सांगितले. आता प्रत्येकीवर साडेतेरा व्होल्ट आहेत. महिन्यातून एकदा चारही आकडे वेगवेगळे लिहायचे, असा नियम केला आहे.

याच रायपुरात २००१ साली स्थापन झालेल्या क्रेडा या संस्थेने छत्तीसगडच्या दुर्गम भागांतील शेकडो आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले. तिथेही पॅनेलखाली बॅटऱ्याच असतात, आणि रात्रीचे बाळंतपण किंवा लशींचा शीतकप्पा त्यांच्यावर विसंबून असतो. संच बसवल्याचा समारंभ होतो, छायाचित्र निघते. नंतर कोणी पाणी घातले, कोणी आकडे टिपले, याचे छायाचित्र निघत नाही. भांडवली खर्चाला मंजुरी मिळवणे त्या मानाने सोपे. देखभालीचे चार पैसे मागताना मात्र हात आखडतो.

आमच्या मासिक अहवालांत अजूनही बेरजा आणि सरासऱ्याच असतात. त्या बहुधा बरोबरही असतात. पण हल्ली एखादा अहवाल फारच बरोबर दिसला, की मी त्याचे चोवीस भाग मागवतो.