एक जोडणी, चार यंत्रे, सहा माणसे

एकत्र कुटुंबात वस्तू वाटून वापरणे आपल्या लोकांना नवे नाही. इंदूरला नर्मदेचे पाणी एक दिवसाआड यायचे, तेव्हा आमच्या वाड्यात कोणाची बादली आधी लागणार हे ठरलेले असे. इंटरनेटचे मात्र काही ठरलेले नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि टेलिफोनच्या एका तारेवरून येणारे इंटरनेट आम्हा सहाजणांना एकदमच हवे झाले.

यंत्रेही चार तऱ्हांची. बाबांचा ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा. ताई डिझाइन शिकत होती, म्हणून तिचा मॅक. धाकटीच्या वाट्याला जुना डेस्कटॉप. त्यावरच्या विंडोज एक्सपीची देखभाल कंपनीने २०१४ मध्येच थांबवली होती, म्हणून आम्ही त्यावर लिनक्स घातले होते. शिवाय आजीचा अँड्रॉइड टॅबलेट. आजोबांनी विचारले, "अरे, ही चार घराण्यांची यंत्रे एका तारेवर नांदणार कशी?"

ती नांदतात, कारण दाराबाहेर सर्वांची भाषा एकच असते. आपण घरात मराठी बोलतो आणि राजवाड्यावर भाजी घेताना हिंदी, तसेच हे. विंडोज, मॅक, लिनक्स यांचा आतला कारभार वेगळा. पण निरोप पाठवण्याचे नियम सगळ्यांचे सारखे. या नियमांना टीसीपी/आयपी म्हणतात. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अमेरिकेतील अर्पानेटने ते १ जानेवारी १९८३ पासून लागू केले.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि माणसेच त्याहून जास्त! म्हणून बहुतेक घरांना बाहेरचा स्वतंत्र पत्ता फार तर एकच मिळतो. आतल्या यंत्रांना राउटर घरगुती पत्ते देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. घरात आपण बंड्या, छकुली, ताई असतो. टपालावर मात्र घराचा पत्ता एकच. पत्र आले की आजोबा ते ज्याचे त्याला देतात. राउटरही कोणत्या यंत्राने काय मागवले याची नोंद ठेवतो आणि उत्तर त्यालाच पोचवतो.

मग अडचण कुठे आली? पहिली भिंतींची. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जाईना. दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारी, २.४ ची संथ, पण लांब पोचणारी. राउटर माजघरात उंचावर ठेवला आणि डेस्कटॉपला सरळ तार जोडली, तेव्हा बरेच निभावले.

दुसरी अडचण मोठी. आमच्या त्या जोडणीत येणारा प्रवाह मोठा आणि जाणारा अगदी लहान होता. बाबांची फाइल वर जाऊ लागली की धाकटीच्या बाई पडद्यावर तोंड उघडे ठेवून थिजत. बाबांच्या ऑफिसातून माणसे कमी होत होती. त्यांना मीटिंग चुकवता येत नव्हती. धाकटीचे पाचवीचे गणित बुडत होते. साधा राउटर मागेल त्याला देतो. कोणाची गरज किती, हे त्याला कळत नाही.

तेव्हा आजी म्हणाली, "नोकरी आणि शाळा यांत लहान-मोठे ठरवू नका. वेळ वाटा." धाकटी तेव्हा अपूर्णांकच शिकत होती. तिनेच कागदावर दिवसाचे भाग पाडले. सकाळी ८ ते १० तिचा वर्ग. तेवढ्यात कोणी मोठी फाइल पाठवायची नाही. ११ वाजता बाबांची मीटिंग. दुपारी ४ ला आजी आत्याशी बोलणार. ताईची चित्रे रात्री १० नंतर. आणि वर्गात कॅमेरा बोलण्यापुरताच सुरू. कागद देवघराच्या दाराला चिकटला आणि सगळ्यांनी तो पाळला, बाबांनीसुद्धा.

पुढे निर्बंध सैल झाले, तेव्हा पोळ्यांच्या मावशींनी चाचरत विचारले, "मुलाचा सातवीचा वर्ग फोनवर असतो, आणि पॅक दुपारीच संपतो. त्याने इथे बसले तर चालेल का?" बऱ्याच राउटरवर पाहुण्यांसाठी निराळी वाट काढता येते. पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण घरातल्या यंत्रांपर्यंत पोचता येत नाही. ओसरीवर बसवून चहापाणी करावे, तसेच ते. तो मुलगा ओसरीवर बसून शिकू लागला, आणि धाकटीच्या कागदावर त्याच्याही नावाची एक ओळ वाढली.

आज घरोघरी जोडण्या वेगवान झाल्या आहेत, पण मागणारी यंत्रेही वाढली आहेत. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरी एका जोडणीवर किती यंत्रे आहेत ते मोजा. राउटरचा मूळ पासवर्ड अजून तोच असेल तर मोठ्यांना सांगून बदलून घ्या. आणि पालकहो, वेग वाढवून घेण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून वेळापत्रक करून पाहा. ते करायला घरातल्या सर्वांत लहान मुलाला बसवा.