मोडलेले सोने

आमच्या घरात सोने मोडण्याची वेळ एकदाच आली. २०१४ साली दिवाळी आठ दिवसांवर असताना हिच्या छातीत गाठ असल्याचे कळले, आणि लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मांडायच्या पाटल्या त्या वर्षी सराफाच्या तराजूत गेल्या. "सोनं अडीअडचणीलाच असतं हो," असे उलट हीच मला समजावीत होती!

गाठ काढली. मग औषधे झाली, रेडिएशन झाले. केस गेले, तोंड आले, चकलीच्या वासानेही ही आतल्या खोलीत पळे. पुढे केस परतले, चवही परतली. बोटांच्या टोकांची बधिरता मात्र गेली नाही. आजही हिच्या सुईत दोरा मी ओवून देतो, आणि माझ्या चष्म्याचा नंबर काय आहे तो वाचकांना न सांगितलेलाच बरा.

परवा शेजारची मुलगी फराळाचे डबे द्यायला आली. रसायनशास्त्रात संशोधन करते. म्हणाली, "काकू, आता सोन्यानं कॅन्सर जाळतात, ठाऊक आहे?"

"आमचं गेलं की त्यातच!" हिने उत्तर दिले.

पोरीने दिवा मालवला आणि माझी बॅटरी तळहाताला लावली. हात निखाऱ्यासारखा लाल दिसू लागला. तांबडा प्रकाश मांसातून थोडाफार पार होतो. त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा, आणखी खोल जातो. वाटेत तो मांसाला फारसा तापवीत नाही. पण योग्य घडणीचे सोन्याचे अतिसूक्ष्म कण तो शोषून घेतात आणि तापतात. कण गाठीत पोचवायचे, वरून लेसरचा झोत सोडायचा. गाठ भाजते, शेजार बचावतो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी २००३ साली हे उंदरांत करून दाखविले. २०१९ साली तर प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या १६ रुग्णांवरील उपचारांची हकीकत प्रसिद्ध झाली.

मी थक्क झालो. हिने मात्र गृहिणीचा प्रश्न विचारला. "काम झाल्यावर ते सोनं जातं कुठं?"

पोरगी हसली. "काकू, खरी मेख तीच!" मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचेच कण सहज निसटतात, एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्याहून मोठे यकृतात आणि प्लीहेत ठाण मांडून बसतात. आणि हा प्रकाश चांगला पकडतात ते नेमके मोठेच! लहान कण जातात, पण तापत नाहीत.

त्यावर तोड निघाली ती आपल्याच मुंबईत. पवईच्या आय.आय.टी.तले आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांनी स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म बुडबुड्यावर सोन्याचे बारीक कण बसविले. एकत्र असताना ते मोठ्या कणाचे काम करतात आणि ७५० नॅनोमीटरच्या लेसरने तापतात. काम झाल्यावर बुडबुडा यकृतात मोडतो, आणि सुटे झालेले सोने पित्तावाटे, लघवीवाटे बाहेर पडते. उंदरांतल्या गाठी नाहीशा झाल्या. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले.

"म्हणजे आम्ही पाटल्या मोडल्या त्याच सुमाराला की हो!" ही म्हणाली.

पोरीने मग आमचे विमान जमिनीवर आणले. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. शिवाय प्रकाश काही सेंटिमीटरांपलीकडे नेटाने पोचत नाही. खोलच्या गाठीपर्यंत काचेचा तंतू घालावा लागतो, आणि अंगभर पसरलेल्या रोगापुढे एका जागी पडणारा झोत काय करणार?

ती गेल्यावर मी दिवा लावायला उठलो. "थांबा हो जरा," ही म्हणाली. बॅटरी तिच्याच हातात होती. एकेक बोट ती काचेवर टेकवून पाहत होती.

"काच गार आहे की गरम, ते कळत नाही," ती म्हणाली. "पण लाल दिसतंय बघा."