जोशी बाहेरून कसा दिसतो

‘शाळा’ आमच्या घरी आईने आणली. वाचनालयाची प्रत होती, खाकी बाइंडिंगची, त्यामुळे तिचं मुखपृष्ठ कसं आहे हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. आईने चार दिवसांत वाचली आणि परत करायच्या पिशवीत ठेवली. मी ती पिशवीतून काढली. पुढे दोनदा मुदत वाढवून घ्यावी लागली.

तेव्हा मी नववीत होतो. कादंबरीतला मुकुंद जोशीही नववीत. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ सालची, त्यातला काळ आणीबाणीचा. आमच्या वर्गात एव्हाना काही जणांकडे मोबाइल आले होते, तरी ते पुस्तक जुनं वाटलं नाही. एकमेकांना आडनावाने हाक मारणारी पोरं, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये जमणारे चार मित्र, मोठ्या बहिणीला मनातल्या मनात ‘अंबाबाई’ म्हणणारा जोशी, आणि शिरोडकर. ती कधी निघते, कुठून जाते, आपण कुठे उभं राहिलो की दिसेल याचा जोशीच्या डोक्यात सतत चालणारा हिशेब. आपल्या डोक्यात जे चालतं ते छापून येऊ शकतं, हेच मला नवीन होतं.

मी ते पुस्तक तीनदा वाचलं. खरं सांगायचं तर नुसतं वाचलं नाही, राबवलं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. ती संध्याकाळी गणिताच्या क्लासला जायची. क्लास संपायचा पावणेसातला. वाटेत एक झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानाबाहेर उभं राहिलं तर ती वळणावरून येताना दिसायची, ते थेट पुढच्या चौकात दिसेनाशी होईपर्यंत. साधारण दीड मिनिट. त्या दीड मिनिटासाठी मी साडेसहापासून तिथे उभा राहायचो. दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून रोज एक रुपयाची एक झेरॉक्स काढायचो. इतिहासाच्या वहीचं एकच पान माझ्याकडे किती वेळा झेरॉक्स होऊन पडलं होतं, कुणास ठाऊक.

मी काहीच करायचो नाही. हे मी स्वतःला तेव्हाही सांगायचो. बोललो नाही, चिठ्ठी दिली नाही, शीळ तर लांबच. नुसता उभा राहायचो. जोशीसारखा. दिवाळीनंतर ती धाकट्या भावाला बरोबर घेऊन यायला लागली, तेव्हा मी मित्राला म्हणालो, “भाव खातेय.”

जानेवारी २०१२मध्ये ‘शाळा’ चित्रपट आला. त्याआधी या कादंबरीवर ‘गमभन’ हे नाटक झालं होतं, एक हिंदी चित्रपटही येऊन गेला होता, पण मी ते दोन्ही पाहिलेले नव्हते. सुजय डहाकेचा हा पहिलाच चित्रपट. रविवारी दुपारच्या खेळाला आई आणि मी गेलो. बाबांना झोपायचं होतं.

माझी तयारी भांडायची होती. पुस्तक पाठ असलेला माणूस चित्रपटाला परीक्षकासारखा जातो. पहिली दहा मिनिटं मी टिकमार्क करत होतो: हे आहे, हे गाळलं, हे पुढे ढकललं. माझी शिरोडकर म्हणजे खरं तर आमच्या वर्गातलीच ती मुलगी होती, फक्त रिबनी लावलेली. पडद्यावर केतकी माटेगावकर आली आणि माझी शिरोडकर पुसली गेली, ती कायमची. याचा रागही आला. पण खरा धक्का शिरोडकरचा नव्हता. जोशीचा होता.

तोवर मी जोशीला कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही तेव्हा सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो. त्या खेळात तुम्हाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. समोर आपली बंदूक, आपले हात आणि पलीकडे सगळं जग. ‘मी’ म्हणून सांगितलेली कादंबरी तशीच असते. तीनशे पानं मी जोशीच्या डोळ्यांच्या मागे बसलो होतो. तिथून शिरोडकर दिसत होती, तिच्या मैत्रिणी दिसत होत्या, रस्ता दिसत होता. जोशीचं लाजणं, घाबरणं, स्वतःवरच विनोद करणं ऐकू येत होतं. त्यामुळे तो मला जवळचा आणि निरुपद्रवी वाटत होता. आपण स्वतःला वाटतो तसा.

कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. तो जोशीच्या समोर उभा राहतो. अंशुमन जोशी या मुलाने काम सुंदर केलंय, त्याचा चेहरा निरागस आहे, कुठेही आगाऊपणा नाही. तरीही पडद्यावर काय दिसतं? एक मुलगा उभा आहे आणि एका मुलीकडे बघतोय. ती चालली की तो मागे चालतोय. त्याच्या डोक्यातला विनोद, त्याची धडधड, त्याचे हिशेब यातलं रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला काहीही ऐकू येत नाही. त्याला फक्त उभा असलेला मुलगा दिसतो.

मला एकदम झेरॉक्सचं दुकान आठवलं. पहिल्यांदाच समोरच्या फुटपाथवरून.

मध्यंतरात आई समोसे घेऊन आली. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, “पुस्तकात जास्त मजा होती.”

“पुस्तकात तो बोलतो ना सारखा,” आई म्हणाली. “आणि गोड बोलतो. इथे गप्प आहे.” मग समोसा फोडत, सहज, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाली, “त्यांना वाटायचं आम्हाला कळत नाही. आम्हाला लांबूनच कळायचं. वळणावर आलं की आधी बघायचं, आज आहे का.”

“कोण?”

“होता एक. मी नववीत होते तेव्हा.”

“काय करायचा?”

“काही नाही. उभा राहायचा.”

दिवे मालवले. उरलेला चित्रपट मी पाहिला, पण मला तो आज सलग आठवत नाही. शेजारी आई बसली होती आणि ती त्या अंधारात पडद्याच्या दुसऱ्या टोकाकडून सगळं बघत होती, एवढंच आठवतं. जिथे थिएटर हसत होतं तिथे तीही बऱ्याचदा हसत होती. तिला चित्रपट आवडला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘शाळा’ला मिळाला, अविनाश देशपांडे निगडी यांच्या रूपांतरित पटकथेलाही मिळाला, तेव्हा पेपरातली बातमी तिनेच मला दाखवली.

मी सोमवारपासून शहाणा झालो, असं लिहायला बरं वाटलं असतं. सोमवारी मी झेरॉक्सच्या दुकानासमोर उभाच होतो. पण त्या दिवशी मी तिच्याकडे बघितलं नाही, ती काय बघते ते बघितलं. वळणावर आल्या आल्या तिने आधी दुकानाकडे पाहिलं. मी आहे हे पाहिलं. मग भावाला आतल्या बाजूला घेतलं, मान खाली घातली आणि वेग वाढवला. मी ज्याला रोज दीड मिनिट म्हणत होतो, ते खरं तर मिनिटभराच्या आतलंच असावं. ती पळायचीच बाकी होती. त्यानंतर मी तिथे गेलो नाही. माफीही मागितली नाही. माफी मागायची तर पुन्हा तिच्या वाटेत उभं राहावं लागलं असतं. निदान स्वतःला मी असं समजावलं. दहावीनंतर तिचा माझा संबंध आला नाही.

यानंतर बरीच वर्षं मी ‘शाळा’वर चिडून होतो. त्या पुस्तकानेच मला तिथे उभं केलं असं वाटायचं. गेल्या वर्षी मी स्वतःची प्रत विकत घेतली, मुखपृष्ठ असलेली, आणि दोन रात्रींत वाचली. आता मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, जोशी अजून नववीतच आहे. आणि मला जे दिसलं त्याने थोडी लाज वाटली, कारण सगळं तिथेच होतं.

सुऱ्या केवडाला भर रस्त्यात विचारतो आणि ते प्रकरण शाळेपर्यंत जातं, हा प्रसंग मला नववीत कसा आठवत होता? ‘केवडाने चुगली केली’ असा. आता वाचताना वाटलं, तिने दुसरं काय करायला हवं होतं? शिरोडकर आणि जोशी कॅम्पमध्ये नीट बोलतात, तेव्हा ती स्वतःच्या मताने बोलणारी मुलगी आहे. तिलाही जोशी आवडतो, हे ती आपल्या वागण्यातून दाखवते. तीनही वाचनांत मी तिची वाक्यं जोशीला काय वाटलं इथपर्यंत पोचण्यासाठी ओलांडून गेलो होतो. चौदा वर्षांच्या निवेदकाला जे कळत नाही ते लेखकाला कळत होतं, आणि त्याने ते पानोपानी ठेवलं होतं. मी निवेदकाच्या इतका आत शिरलो होतो की लेखक बाहेर उभा आहे हे विसरलोच.

चित्रपट पुस्तकाएवढा चांगला नाही, असं आपण सगळेच म्हणतो. ‘शाळा’च्या बाबतीत मीही म्हणेन, कारण जोशीच्या डोक्यातली बडबड गेली की निम्मी कादंबरी जाते. पण माझ्या बाबतीत नेमकं ते जाणंच उपयोगी पडलं. जोशीचा आवाज बंद झाल्यावर मला जोशी दिसला. शिवाय शिरोडकरने जोशीकडे परत बघितलं होतं, ती सोय बोकिलांनी केली होती. झेरॉक्सच्या दुकानापाशी बोकील नव्हते.

हे लिहायला घेतलं तेव्हा आईला फोन केला. तेरा वर्षांनी विचारलं, “तो तुझा उभा राहणारा मुलगा, त्याचं पुढे काय झालं?”

“मला काय माहीत? मी वाट बदलली.”

“म्हणजे?”

“मारुतीच्या देवळाच्या मागून जायला लागले. दहा मिनिटं जास्त लागायची. पहिल्या तासाला रोज उशीर. बाईंनी दोनदा अंगठे धरून उभं केलं.”

“मग सांगितलं का नाहीस बाईंना?”

“काय सांगू? तो काही करत नव्हता.” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबेपर्यंत आई थांबली. “चांगला असेल रे तो,” ती म्हणाली. “जोशीसारखाच असेल. पण ते मला कसं कळणार?”