शंभरपानी वहीचं शेवटचं पान

बुलढाणा,
12 जून

प्रिय बेबी,



परवा फोनवर तू रडायला लागलीस आणि तेवढ्यात रेंज गेली. पुन्हा लावला तर लागेना. तेव्हापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय : "अक्का, मले त्यायच्याबद्दल तसं काहीच वाटत नाही. मंग हे लगन म्हंजे फसवणूकच झाली ना व?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. सर सकाळीच शेगावला गेलेत, घरात शांतता आहे.

फसवणूक कशाला म्हणायची ते आधी ठरवू. माणसाला एक सांगायचं आणि मनात दुसरंच ठेवायचं, ती फसवणूक. तू तर भाऊंना सगळं तोंडावर सांगितलंस. पोरीची पुढची शाळा, आत्याबाईंचे गुडघे, विहिरीवरची मोटर, रात्री दाराची कडी वाजली की धस्स होणारं काळीज. त्यांनीही सांगितलं : चिखलीतलं वायंडिंगचं दुकान, बायको जाऊन झालेली चार वर्षं, नऊ वर्षांचा पोरगा आणि त्याच्या डब्यात रोज खानावळीची भाजी. दोघांनी आपापल्या घरातली अडचण दुसऱ्यापुढे ठेवली. यात लबाडी कुठे आहे? चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात पगार फुगवून सांगतात, कर्ज लपवतात, मुलीचं आजारपण लपवतात, आणि त्या लग्नाला आपण पाचशे माणसं जेवू घालतो.

माझं लग्न कसं झालं हे तुला वरवर माहीत आहे. आतलं कधी कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगते. 2008 ची गोष्ट. माझा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. बुलढाण्यात मी आईला घेऊन खोली शोधत होते. नोकरी आहे, पगार आहे, भाडं आगाऊ देते म्हटलं तरी तीन घरमालकांनी "मिस्टर कुठं असतात?" एवढंच विचारलं आणि दार लावलं. सर आमच्याच शाळेत होते. त्यांची बायको कॅन्सरने गेलेली, मुलगी सहा वर्षांची. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते मुलीचा फ्रॉक घेऊन आले. शिवण उसवलेली. मी ती घालून देईपर्यंत ते बाकावर बसून राहिले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका. आपण लग्न केलं तर तुमचंही भागेल, माझंही भागेल."

मला राग आला नाही. हायसं वाटलं.

आठ दिवसांनी आम्ही आईसमोर बसून शंभरपानी वहीच्या शेवटच्या पानावर सगळं लिहून काढलं. घराच्या कर्जाचा हप्ता निम्मा-निम्मा. आईचं औषध माझ्याकडे. मुलीचं शिक्षण त्यांच्याकडे, पण पालकसभेला दोघांनी जायचं. माझा पगार माझ्या खात्यात. मूल होऊ द्यायचं की नाही, हेही बोललो. आई उठून आत गेली, तरी बोललो. खाली सरांनी आपल्या अक्षरात लिहिलं : "जे पटणार नाही ते त्याच दिवशी सांगायचं." ते पान अजून कपाटात आहे. सतरा-अठरा वर्षं होत आली, आम्ही अजून एकमेकांना 'सर' आणि 'बाई' म्हणतो.

मग पुढे प्रेम आलं का, असं तू विचारशील. त्याला कोणता शब्द लावावा हे मला कळत नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्या दिवशी सर मला उठवत नाहीत, एकटेच पिंप भरतात, हे मला माहीत आहे. आणि दुखतं कुठे हेही सांगते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. त्यांच्या पहिल्या बायकोच्या तिथीला खीर मी करते. त्या दिवशी सर बोलत नाहीत. त्या गप्प बसण्यात मला जागा नाही, हे पहिली काही वर्षं फार लागायचं. तुलाही लागेल. तुझ्या घरात तुझ्या गेलेल्या नवऱ्याचा, आमच्या जावयांचा, फोटो असेल, त्यांच्या घरात तिचा. फोटो काढायचे नाहीत, हे लग्नाआधीच ठरवून टाका.

हिशेबानं लग्न करणारी तू काही पहिली नाहीस. आपल्याकडे विधवेचा पाट लावायची रीत होतीच की. आपल्या आजीच्या चुलत बहिणीचा पाट लागला होता. आजी सांगायची, रात्री लावला, वाजंत्री नाही, सवाष्णी समोर आल्या नाहीत. शेताला माणूस हवं होतं, पोरं लहान होती, म्हणून लावला. हिशेबच होता तो, फक्त तो पुरुष माणसांनी ओसरीवर बसून केला आणि ती आत चुलीपाशी होती. कुळाचा मोठेपणा मिरवणाऱ्या घरांत तर तेवढंही नव्हतं. तिथे पाट म्हणजे कमीपणा.

याच बुलढाण्यात ताराबाई शिंदे होऊन गेल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्यावरून साऱ्या बायकांना बदफैली ठरवलं. ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिलं. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग बाईनेच का जन्मभर कोपऱ्यात बसायचं, हे त्यांनी विचारलं. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा लोकांपुढे आणलं. मी ते डी.एड.ला असताना वाचलं, आणि ही बाई आपल्या गावची आहे या विचाराने रात्रभर झोप लागली नव्हती. तुझ्या गावात लोक काय म्हणतील, याची यादी ताराबाईंना तोंडपाठ होती.

आता कामाचं बोलते, नीट वाच.

"दुसरं लगन केलं तं जमीन जाईन" असं तुझे चुलत दीर म्हणाले ना? ते कुठून आलं ते सांगते. 1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, त्याने बाईला लग्न करायची मोकळीक दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. जणू तीच मेली, असं धरायचं. तो कायदा 1983 मध्ये रद्द झाला. त्याआधीच 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला तिच्या वाट्याची पुरी मालकी दिली होती. कायदा गेला, पण गावातली भीती तशीच राहिली. ती भीती कुणाच्या फायद्याची आहे ते तूच बघ. जावयांनी स्वतः घेतलेली चार एकर जमीन आहे. वारस चार : तू, दोन पोरं आणि जावयांची आई, आत्याबाई. सारखा वाटा, म्हणजे एकेकाला एकर. तुझं एकर तुझं आहे, लग्न केलंस तरी. फक्त वारसाचा फेरफार झाला का ते तलाठ्याकडे जाऊन बघ. सातबाऱ्यावर पोरांच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान मुलांची पालक, म्हणून तुझं नाव लागलं पाहिजे. त्यांचा वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय तुलाही विकता येत नाही, आणि सावत्र बाप तर त्यांचा कायद्याने पालकही होत नाही. हे चुलत दिरांना शांतपणे ऐकव.

दुसरी बाजूही तितकीच खरी. उद्या चिखलीच्या भाऊंना काही झालं, तर तुझी पोरं त्यांची वारस नाहीत, आणि त्यांचा पोरगा तुझा वारस नाही. म्हणून दोघांनी मृत्युपत्र करायचं. दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प लागत नाही. नोंदवणं सक्तीचं नाही, पण नोंदवून घ्या. जावयांच्या पीककर्जाचा बोजा त्यांच्या मिळकतीपुरता तुम्हा वारसांवर आहे, भाऊंवर तो येत नाही. हे त्यांना आधीच सांग, म्हणजे त्यांच्या भावाबहिणींच्या मनात काही राहणार नाही.

संजय गांधी निराधारचे महिन्याला 1500 रुपये बंद होतील. वर्षाचे 18,000. लग्न झाल्यावर तहसीलला तसं कळवायचं, लपवायचं नाही. ही रक्कम तुझ्यासाठी लहान नाही, मला ठाऊक आहे. जावई गेले तेव्हा लाखाची मदत मिळाली, त्यात 30,000 हातात आले आणि 70,000 ठेवीत गेले. त्या 30,000 चं काय झालं तेही मी पाहिलंय. दहाव्याच्या आत कृषी केंद्राची उधारी मागायला माणूस दारात उभा होता. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांनंतर आलेल्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होतं, बियाणं होतं. पण संध्याकाळी पोरांना घरात एकटं ठेवून शेतात पाणी द्यायला कसं जायचं, हा तुझा प्रश्न पॅकेजने कसा सुटावा?

कुणीतरी तुला म्हणालं, लग्न कशाला, स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या आणि राहा. ते अजिबात करू नकोस. गुजरातेत सत्तरच्या दशकात 'मैत्री करार' निघाले होते. लग्न झालेले पुरुष दुसऱ्या बाईशी स्टॅम्पवर मैत्री लिहून द्यायचे. त्या कागदाने बाईला बायकोचा एकही हक्क मिळाला नाही. तुम्ही दोघं मोकळे आहात, तर सरळ लग्नच करा. नोंदणी विवाहाला 1954 च्या कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. एक मी, एक सर. तिसरा भाऊंनी आणावा, त्यांच्याकडच्या माणसाची सही असलेली बरी. नाव बदलायची सक्ती नाही. तू बदलू नकोस, सातबारा, आधार, बँक सगळं एका नावाने राहू दे.

आणि एक, जे तू फोनवर बोलली नाहीस. रात्रीचं. नवरा-बायको म्हणून एकत्र राहायचं की आधी नुसतं एका घरात राहायचं, किती दिवस, हे त्यांना विचार आणि तुझं सांग. लाजून टाळलंस तर ते दोघांच्याही मनात कुढत राहील. जो माणूस तुझ्या मोटरचं वायंडिंग करून देतो, पैसे घेत नाही, आणि अंधार पडायच्या आत परत निघतो, तो हेही ऐकून घेईल असं मला वाटतं. त्यांचं ते अंधाराआधी निघणं मी मागच्या पोळ्याला पाहिलं. मला त्यांच्यातलं तेच सगळ्यात आवडलं.

आता आत्याबाई. तुझा खरा घोर त्यांचाच आहे ना? त्यांनी पोटचा मुलगा घालवला, आता सूनही जाणार असं त्यांच्या मनात आलं असेल. त्यांना आडून कुणाकडून कळायच्या आत तूच सांग, भाकरी थापताना सांग, समोर बसवून नको. त्यांचं एक एकर आहे, त्यांचा शब्दही धरायला हवा. चिखलीला त्यांना नेणार का, हे भाऊंना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतंस. विचारलंस का? पत्राला उत्तर देताना हे आधी लिही.

येत्या रविवारी इकडे ये. सातबारा, आठ-अ, जावयांचा मृत्यूचा दाखला, पोरांचे जन्माचे दाखले आणि पोस्टाचं पासबुक एका पिशवीत घाल. भाऊंना दुपारी बोलव, सर घरी असतील. आत्याबाईंनाही आण. त्यांना जिना चढवत नाही, मी खालच्या खोलीत गादी घालून ठेवते. नवी वहीही आणून ठेवली आहे.

तुझी,
अक्का