पाय त्याच दुकानाकडे का वळतात?



जून महिना आला की आपल्या सगळ्यांच्या घरी एक यादी तयार होते. वह्या, कंपास, दप्तर, गणवेश, बूट, रेनकोट. आता गंमत बघा. दोनशे पानी वही एकाच कंपनीची, तिच्यावर छापलेली किंमतही एकच, आणि ती विकणारी दुकानं मात्र बाजारपेठेत पाच-सहा. तरीही आपले पाय दरवर्षी एकाच दुकानाकडे वळतात. वाटेतली दोन दुकानं ओलांडून आपण पुढे जातो. असं का होतं? माल तोच, भावही जवळपास तोच. मग फरक उरतो तो वागणुकीत.

‘आदर्श दुकानदार’ या विषयावर मुलं हमखास लिहितात की दुकानदाराने गोड बोलावे, हसतमुख असावे. बरोबरच आहे. पण गोड बोलायला पैसे पडत नाहीत. दुकानदाराची खरी परीक्षा होते ती हातातली विक्री सोडून खरं सांगायची वेळ येते तेव्हा. नाहीतर विकलेल्या मालात खोट निघते आणि आपण तो परत घेऊन दारात उभे राहतो तेव्हा.

एक उदाहरण सांगते. आमच्या तालुक्याच्या गावी चपला-बुटांचं एक जुनं दुकान आहे. मुलीसाठी शाळेचे काळे बूट घ्यायला गेले होते. बूट छान होते, पण पुढे जरासे दाबत होते आणि मोठा नंबर शिल्लक नव्हता. “वापरून सैल होतात हो,” असं म्हणून ते सहज गळ्यात मारता आले असते. दुकानातल्या काकांनी अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, हे नका घेऊ. वाढता पाय आहे, दिवाळीपर्यंत पुरायचे नाहीत. घाई असेल तर चौकातल्या दुकानात बघा, नाहीतर मंगळवारी माझा माल येतोय.”

त्या दिवशी काकांची विक्री बुडाली. आम्ही मंगळवारी परत गेलो. त्याला आता सात वर्षं झाली. घरातल्या सगळ्यांच्या चपला तिथूनच येतात आणि शेजारच्या दोन घरांनाही मीच तिथला पत्ता दिला. एका खऱ्या वाक्याने एवढं काम केलं! जाहिरातीचा कितीही मोठा फलक लावला असता तरी हे झालं नसतं.

आता दुसरी बाजू बघू. अनेक दुकानांत गल्ल्यामागे पाटी असते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मी एका दुकानातून (नाव नको) मिक्सर घेतला. तिसऱ्या दिवशी तो बंद पडला. परत नेला तर मालकांनी तोंडाने काही न बोलता त्या पाटीकडे बोट दाखवलं. मित्रांनो, ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत कामाची नाही, हे आपल्याला आणि आपल्या मुलांनाही माहीत हवं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

हा कायदा सांगितल्यावर मला मिक्सर बदलून मिळाला. पण त्यानंतर त्या दुकानाची पायरी मी चढलेली नाही. कायदा आपले पैसे मिळवून देतो, मन मात्र त्या दुकानात पुन्हा रमत नाही. हाच मिक्सर “अरेरे, त्रास झाला तुम्हाला, लगेच बदलून देतो” असं म्हणून बदलला असता, तर दुकानाला खर्च तेवढाच आला असता आणि मी कायमची जोडली गेले असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागलेली आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई शेतात कामाला जाते. भावाच्या लग्नासाठी साडी घ्यायला ती एका मोठ्या, एसी दुकानात गेली होती. तिच्या अंगावरच्या कपड्यांकडे बघून विक्रेता म्हणाला, “वरच्या मजल्यावरचं तुम्हाला परवडायचं नाही, इथलंच बघा.” ती साडी न घेताच बाहेर पडली. तिच्या पिशवीत पैसे होते. पुढे तिच्या बचत गटाने मिळून वीस साड्या घेतल्या, त्या पलीकडच्या छोट्या दुकानातून. तिथे सतरंजीवर बसवून, पाणी देऊन, शंभर साड्या उलगडून दाखवल्या होत्या म्हणे. हे सगळं तिने पालकसभेनंतर मला सांगितलं, तेव्हा तिचा मुलगा शेजारीच उभा होता. आईचा झालेला अपमान त्याला कळत होता.

इथे आपण विक्रेत्यालाच दोष देऊन मोकळे होतो. पण त्याच्या बाजूनेही बघायला हवं. कापड दुकानातली मुलं-मुली दिवसभर उभी असतात. केरळमध्ये २०१८ साली आणि तमिळनाडूमध्ये २०२१ साली दुकानातल्या कामगारांना बसायला मिळावं म्हणून कायद्यात बदल करावा लागला. विचार करा, बसण्यासाठी कायदा! ज्याचे पाय सुजलेत आणि ज्याला मालक चारचौघांत ओरडतो, तो गिऱ्हाइकाशी किती वेळ हसून बोलेल? जिथे नोकराला मान असतो तिथेच गिऱ्हाइकालाही मान मिळतो. चांगल्या दुकानात वर्षानुवर्षं तीच माणसं काउंटरवर दिसतात, ती उगीच नाही.

आता तुम्ही विचाराल, बाई, हे सगळं शाळेत कशाला? कारण आपल्या वर्गातली मुलं उद्या काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी राहणार आहेत. काही ग्राहक होतील, काही विक्रेते आणि एखादा मालकही होईल.

आपल्या शाळांत बालबाजार भरतो. आपण त्यातून नफा-तोटा शिकवतो. जोडीला हे करून बघा.

१. प्रत्येक मुलाने आपल्याकडे दुसऱ्यांदा कोण आलं याची नोंद ठेवायची. आमच्या बालबाजारात सगळ्यात जास्त परत आलेली गिऱ्हाइकं भेळवाल्या मुलीकडे होती. ती प्रत्येकाला “तिखट किती घालू?” असं विचारत होती, एवढंच!

२. वर्गात नाट्यीकरण घ्या. एकाने सदोष वस्तू परत आणायची, दुसऱ्याने दुकानदार व्हायचं. मग भूमिका बदला.

३. पालकांनो, दुकानात गेल्यावर मुलाला बिल मागू द्या. पैसे देताना तिथल्या दादांना, ताईंना “धन्यवाद” म्हणू द्या.

तिसरा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. सेवा चांगली हवी असेल तर ग्राहकही चांगला हवा. आवडत्या दुकानात तास तास कपडे घालून बघायचे आणि मग तेच मोबाइलवरून चार रुपये स्वस्त मागवायचे, याला निष्ठा म्हणत नाहीत. ज्याने आपल्याला खरं सांगितलं, त्याच्याकडून आपण खरेदी केली, तरच त्याला उद्याही खरं बोलणं परवडेल.

तुमच्या बालबाजारात काय दिसलं, ते आम्हाला जरूर कळवा.