पाण्याने घडवलेलं वाळवंट

लास व्हेगासहून निघालेली भाड्याची मिनीव्हॅन ईशान्येला धावू लागते, तेव्हा तिच्यातलं सगळ्यात जड सामान असतं पाणी. युटा आणि ॲरिझोनाच्या दऱ्यांतून भर उन्हाळ्यात पायी हिंडायचं तर माणशी दिवसाला चार लिटर, असा साधारण हिशेब. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं, म्हणजे रोजचे चोवीस लिटर. मराठवाड्यात टँकरमागे हंडा घेऊन धावलेल्या आजीला हा हिशेब कुणी समजावून द्यावा लागत नाही. नातवाने अर्धी टाकलेली बाटली ती झाकण घट्ट करून स्वतःच्या पिशवीत ठेवते.

नजर जाईल तिथवर तांबडा, कोरडा दगड. आणि तरी या मुलखातलं जवळजवळ प्रत्येक वळण ही पाण्याची करणी आहे.

युटातल्या झायनच्या दरीत शिरताना दोन्ही अंगांना उभे राहणारे कडे म्हणजे मुळात वाळूच्या टेकड्या. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने त्या साचवल्या, पुढे त्यांचा दगड झाला. वारा कुठून वाहत होता ते दगडातल्या तिरक्या रेघा आजही सांगतात. वाऱ्याने रचलेलं हे सगळं व्हर्जिन नावाच्या नदीने कापत आणलं. एरवी ही नदी इतकी उथळ, की मुलं तिच्यात घोट्याएवढ्या पाण्यात खडे वेचतात.

नदीकाठच्या सोप्या पायवाटेने चालताना आजोबा एका कड्याला हात लावतात. तळवा ओला होतो. माठ पाझरतो तसा हा वालुकाश्म पाझरतो. वर पठारावर पडलेला पाऊस आणि बर्फ दगडातून हळूहळू झिरपतो, खाली चिकणमातीचा घट्ट थर लागला की आडवा वाहत कड्यातून बाहेर येतो. त्या ओलीवर नेचे आणि रानफुलं लटकलेली असतात. इथल्या काही झऱ्यांचं पाणी हजार वर्षांहून जुनं आहे, असं मुलगा सांगतो. आजी म्हणते, “म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधीचा पाऊस हा!” आणि बोटं कपाळाला लावते.

ती वाट संपते तिथे ‘नॅरोज’ सुरू होतात. पुढे वाट अशी नाही, नदी हीच वाट. काही ठिकाणी रुंदी जेमतेम सहा-सात मीटर आणि भिंती तीनशे मीटर उंच. भाड्याने आणलेली काठी आधी पाण्यात टेकवायची, खोली अजमावायची, मग पाऊल. गोट्यांवरून बूट घसरतात, मोज्यांत वाळू शिरते. आजी-आजोबा काठावरच थांबतात. नातवंडं मात्र पहिल्या वळणाआड दिसेनाशी होतात, आणि त्यांच्या हाका भिंतींवर आपटत मागे येतात.

पुढे युटातल्याच ब्राइस कॅन्यनला पाण्याची तऱ्हा वेगळी. इथे काम करतो तो बर्फ. दुपारी वितळायचं आणि रात्री पुन्हा गोठायचं, असे दिवस वर्षातून जवळजवळ निम्मे. फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि दगड फोडतं. त्यातूनच नारिंगी सुळक्यांची ही गर्दी उभी राहिली. तिच्यात उतरणं सोपं, पण दरीचा काठ कळसूबाईच्या शिखरापेक्षाही कितीतरी उंच, सुमारे चोवीसशे मीटरवर. परतीच्या चढावर आजोबांना दर वळणाला ‘फोटो काढायचा’ असतो. फोटो कमी, दम खाणं जास्त, हे सुनेने केव्हाच ओळखलेलं असतं. “बाबा, सावकाश. आपल्याला कुठली गाडी पकडायची नाहीये.”

दक्षिणेला ॲरिझोनात शिरलं की उन्हाळ्यात घड्याळ एक तास मागे जातं, कारण युटा उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतं आणि ॲरिझोना करत नाही. ॲरिझोनातली नवाहो लोकांची भूमी मात्र करते. अँटेलोप कॅन्यन त्याच भूमीवर आहे आणि तिथे वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. भिंती इतक्या गुळगुळीत, की त्यांवरून हात आपोआप फिरतो. त्या घासल्या आहेत पुराच्या पाण्याने. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या घळीत अकरा पर्यटक अशाच लोंढ्यात गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर. आता तिथे भिंतीला पक्के ठोकलेले लोखंडी जिने आहेत, आणि दूरवर ढग दाटले तरी फेऱ्या थांबवतात.

शेवटी ग्रँड कॅन्यन. काठावर एक पायवाट आहे, तिच्यावर चाललेला प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. वाटेत त्या त्या काळाचे दगड हात लावायला मांडून ठेवलेत. सव्वासतराशेच्या पुढे गेल्यावर जो काळपट खडक भेटतो, त्याचं नाव ‘विष्णू शिस्ट’. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी १८८० च्या दशकात इथल्या शिखरांना देवळांची नावं दिली: विष्णू, शिव. कोलोरॅडो नदी गेली पन्नास-साठ लाख वर्षं दगड कापत त्या विष्णूपर्यंत पोचली आहे. आजोबा त्या खडकाला चक्क नमस्कार करतात. नात इकडेतिकडे बघते आणि मग तीही करते.

खाली ब्राइट एंजल वाटेवर झऱ्याच्या काठी कॉटनवुडच्या झाडांचा हिरवा ठिपका दिसतो. हवासुपाई लोक तिथे शेती करत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना हुसकावण्यात आलं, शेवटचा रहिवासी १९२८ मध्ये गेला. त्या जागेला ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव मिळायला २०२२ साल उजाडलं.

या वाटेवर उतरताना पाय आपोआप पडतात, आणि तिथेच फसगत होते. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला लागतो. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामाबरोबर मीठ जातं. म्हणून रेंजर खारट खाणं जवळ ठेवायला सांगतात, आणि आजीचा चिवडा व खारे दाणे इथे खरोखर कामाला येतात. तुम्ही गेलात तर निघण्याआधी माहिती केंद्रात त्या दिवसाचा पुराचा अंदाज विचारा, आणि एक तृतीयांश पाणी संपलं की मागे फिरा, समोरचं वळण कितीही खुणावत असलं तरी.